प्रश्न चौथा, ब

मे महिना. नांदेडात बेचाळीस.
मूल्यमापन केंद्राच्या पत्र्याखाली आम्ही अठरा जण,
सगळे तासिका तत्त्वावरचे,
समोर गठ्ठे, लाल पेन,
आणि लिंबाजीमामानं रांजणातून भरून ठेवलेले तांबे.

प्रश्न चौथा, ब :
अमेरिकन जनतेच्या आपल्या राष्ट्राध्यक्षाकडून असलेल्या अपेक्षा स्पष्ट करा.
गुण पाच.

नमुना उत्तर टाचून दिलंय.
सेनेचा सरसेनापती. परराष्ट्र धोरण. अर्थव्यवस्थेला दिशा.
संकटात राष्ट्राला धीर.
गाईड पाठ असलेली पोरं हेच लिहितात, ह्याच क्रमानं,
गाईडातल्या छपाईच्या चुकीसकट.

बाकीची मनाचं लिहितात.

राष्ट्राध्यक्षाचा फोन लागला पाहिजे, असं एकाचं म्हणणं.
लागला तर त्यानंच उचलावा,
साहेब मिटिंगमध्ये आहेत असं दुसऱ्यानं सांगू नये.
अर्धा गुण दिला. खोडून एक केला.

पुढची बहुतेक मुलगी असावी,
शिरोरेषा पट्टीनं ओढल्यासारखी :
तो उंच असावा पण वाकता यावं.
दुधाचा भाव त्याला तोंडपाठ असावा.
मयताला आला तर गाडी लांब उभी करून चालत यावं,
आणि रडला तर खरं रडावं
कारण तिथं कॅमेरे फार असतात.

गव्हाणे सर शेजारून डोकावले.
"मॅडम, ही अमेरिका हदगाव तालुक्यातली का हो?"
सगळे हसले. मीही.
मग त्यांच्याच गठ्ठ्यातलं एक वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं :
लोकांनी त्याला देव मानावं आणि रोज हिशेब मागावा.
वाचून झाल्यावर सर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पंधरा वर्षं हा पेपर शिकवते मी.
अमेरिका पाहिलेली नाही, नकाशा पाहिलाय,
कॉलेजातला, ज्यात ओहायोपासून खाली वाळवी लागलीय.
वर्गात सांगते,
त्या लोकांना एकच माणूस शेजाऱ्यासारखा हवा असतो
आणि डोंगरासारखाही.
त्यानं सगळं करावं, फार काही करू नये.
चार वर्षांत केस कसे पांढरे होतात, फोटोत बघा.
मुलं फोटो बघतात.
मागच्या बाकावरनं कुणीतरी हळूच विचारतं,
"मॅडम, तुमचं बिल निघालं का?"

शेवटची उत्तरपत्रिका. नाव झाकलेलं, नुसते आकडे.
शाई घामानं फुटलेली, अक्षर उजवीकडं घसरत गेलेलं.

*आमच्या तांड्याला नायक असतो. भांडण मिटवायला बसला
की तो आधी दोन्हीकडच्यांना पाणी पाजतो.
अमेरिका मोठी आहे, एवढ्यांना कोण पाणी पाजणार.
म्हणून त्यांच्या अपेक्षा कमी असाव्यात असे मला वाटते.
फक्त हरल्यावर त्याने घर खाली करून द्यावे.
जाताना दिवे पंखे बंद करावेत.
किल्ली पुढच्याच्या हातात द्यावी,
खिळ्याला अडकवून जाऊ नये.*

ह्यात सरसेनापती नाही.
परराष्ट्र धोरण नाही. प्रस्तावना तर नाहीच.
कौसडीकर सर फेरतपासणीला बसतात तेव्हा
मुद्दे बोटानं मोजतात,
आणि मला पुढच्या वर्षीही बोलावणं हवंय.

तीन लिहिले.
तांब्यातलं पाणी प्यायले, कोमट.
तीनाचे चार केले, आकडा असा गिरवला
की कुणाला तीनही वाचता यावा.

पाचला गठ्ठे बांधले.
लिंबाजीमामा कुलूप घेऊन दारात उभे.
मी भिंतीकडं गेले, पंखे बंद करायला,
तर लाईट आधीच गेलेली.
तरी बटणं दाबत राहिले, सगळी अकरा,
कुठलं चालू होतं नि कुठलं बंद
ते काही कळेना.
"ऱ्हाऊ द्या बाई," मामा म्हणाले,
"आल्यावर दिसलंच."